घराचा दस्त आणि सल्ल्याची जबाबदारी

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या महाविद्यालयातील एक जुने प्रयोगशाळा परिचर माझ्याकडे आले. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी, उपदानाची रक्कम आणि पत्नीचे मोडलेले दागिने एवढ्या पुंजीवर ते पुण्याच्या हद्दीलगतच्या एका गावठाणात दोन खोल्यांचे जुने घर विकत घेणार होते. किंमत २४ लाख ठरली होती. दोन लाख इसार देऊनही झाला होता. त्यांच्या हातात १४ पानांचा एक अहवाल होता. मुलाने मोबाईलवरून कागद पाठवून व अडीच हजार रुपये भरून तो तीन दिवसांत ऑनलाईन मागविला होता. मिळकतीचा मालकीहक्क निर्वेध व विक्रीयोग्य आहे, असे त्याच्या अखेरीस ठळक अक्षरांत लिहिले होते. "सर, एकदा नजर टाका, म्हणजे मी मोकळा झालो," एवढेच त्यांचे म्हणणे.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, कायदा नव्हे. म्हणून त्यांना घेऊन न्यायालयाजवळ बसणाऱ्या एका जुन्या वकिलांकडे गेलो. त्यांनी अहवाल चाळला, बाजूला ठेवला आणि घर विकणाऱ्या दोघा भावांना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. वडील कधी वारले, हा पहिला प्रश्न. उत्तर आले, २००८ साली; आई त्यांच्या आधीच गेली. मृत्युपत्र केले होते काय, हा दुसरा प्रश्न. नाही. "बहिणी किती तुम्हांला?" हा तिसरा. थोरला भाऊ क्षणभर थांबला आणि म्हणाला, "दोन आहेत साहेब. पण त्यांची लग्ने होऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांचा काही प्रश्न नाही."

प्रश्न नेमका तोच होता. मिळकत पत्रिकेवर दोन भावांचीच नावे होती, कारण वारस नोंद करताना बहिणींची नावे कोणी सांगितलीच नव्हती. मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ठरवून टाकले आहे. वडिलोपार्जित मिळकतीतील मुलीचा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मान्य झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीचा संदेह दूर केला. म्हणजे ज्या घराचे २४ लाख दिले जाणार होते, त्यातील अर्धे घर विकणाऱ्यांचे नव्हतेच. पुढे दोन महिने गेले, थोडी रुसवाफुगवी झाली. पण दोन्ही बहिणींना त्यांच्या वाट्याची रक्कम मिळाली आणि खरेदीखतावर 'लिहून देणार' म्हणून चौघांच्याही सह्या झाल्या. आमचे परिचर आज त्या घरात सुखाने राहतात.

ही हकीगत सांगून ऑनलाईन सल्ला टाकाऊ आणि समोरासमोरचा सल्ला श्रेष्ठ असा सोपा निष्कर्ष काढता आला असता. मला तो काढावयाचा नाही. कारण त्या १४ पानांच्या अहवालात असत्य असे एकही वाक्य नव्हते. 'आमच्याकडे सादर झालेल्या कागदपत्रांवरून' हे मत दिले आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. कागदांत बहिणी नव्हत्या, म्हणून अहवालातही नव्हत्या. दोष पडद्याचा नव्हता. आपल्या देशात घराची मालकी कागदावर कितपत असते, हा खरा प्रश्न आहे.

नोंद आहे, हमी नाही

नोंदणी झाली म्हणजे मालकी पक्की झाली, असा सर्वसामान्य माणसाचा समज असतो. वस्तुतः १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद घेतो, मालकीची ग्वाही देत नाही. दस्त करून देणारी व्यक्ती तीच आहे काय आणि तिला मजकूर मान्य आहे काय, एवढेच दुय्यम निबंधकाने पाहावयाचे असते. विकणाऱ्याकडे विकण्याजोगा हक्क आहे काय, हे तपासणे त्याचे काम नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका नियमासंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. सातबारा अथवा मिळकत पत्रिका यांवरील नावानेही मालकी सिद्ध होत नाही; ती महसुलाच्या सोयीची नोंद आहे, हे तर न्यायालये पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत.

इतरत्र याहून निराळी व्यवस्था आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स याने १८५८ मध्ये जी पद्धत घालून दिली, तीत सरकारी नोंदवही हीच मालकी असते. इंग्लंडमध्ये भूमिनोंदणी कार्यालय १८६२ मध्ये स्थापन झाले. तेथेही नोंदवहीतील चुकीमुळे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. अशा देशात गिऱ्हाईकाने वकिलाचे तोंड न पाहता घर खरेदी केले, तरी त्याच्या पाठीशी राज्य उभे असते. आपल्याकडे तशी पद्धत आणावी, असा अहवाल गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांनी १९८९ मध्ये नियोजन आयोगाला सादर केला होता. त्यानंतर नियोजन आयोगच इतिहासजमा झाला. मालकीच्या हमीची पद्धत मात्र देशभर काही आली नाही. दरम्यान अभिलेखांचे संगणकीकरण झपाट्याने झाले. म्हणजे आपण संशयित नोंदी स्वच्छ अक्षरांत छापण्याची सोय केली. त्या नोंदींचा संशय दूर करण्याचे काम तसेच राहिले.

म्हणूनच आपल्याकडील वकिलाला तीस वर्षांचा 'शोध' घ्यावा लागतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घेण्याच्या दाव्यास ३० वर्षांची मुदत आहे. सरकारच्या दाव्यांनाही तीच. ऑनलाईन शोधात सर्वसाधारणपणे संगणकीकरणानंतरचे दस्त सापडतात. त्यापूर्वीच्या सूचींसाठी कार्यालयात जाऊन जुन्या वह्या उलगडाव्या लागतात आणि त्यांतील काही पाने फाटलेली, काही गहाळ, असेही आढळते. शिवाय जे कधी नोंदलेच गेले नाही, ते कोणत्याही सूचीत असणार नाही. तोंडी वाटणी, पेटीत पडून असलेले मृत्युपत्र, बहिणीचा न मागितलेला वाटा, घरात पन्नास वर्षे राहणारा भाडेकरू, सावकाराकडे ठेवलेली मूळ कागदपत्रे, शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ता, या गोष्टी जागेवर जाऊन आणि माणसांना विचारूनच कळतात. त्यासाठी विचारणारा माणूस लागतो, आणि उत्तर देताना समोरचा कोठे अडखळला हे पाहणारी नजरही.

ऑनलाईनचे ऋण

तथापि ऑनलाईन सोयींनी सामान्य माणसाचा केलेला फायदा नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारी चार हेलपाटे घालणारा शेतकरी माझ्या पिढीने पाहिला आहे. आज डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या किरकोळ शुल्कात मिळतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाची मंजुरी, मालकीहक्काचा अहवाल, जमिनीवरील बोजा व चालू दावे ही माहिती कोणासही पाहता येते. पूर्वी हे कागद विकासकाच्या कपाटात असत आणि ते मागणारे गिऱ्हाईक उद्धट ठरे. दुबईत नोकरी करणाऱ्या रत्नागिरीच्या तरुणाला किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला दूरस्थ सल्ल्यावाचून दुसरा मार्गच नसतो.

समोरासमोरच्या सल्ल्याचे गोडवेही मी फार गाणार नाही. १९९० च्या दशकात मी सध्याची सदनिका घेतली, तेव्हा सर्व व्यवहार समोरासमोरच झाला होता. वकील मोठे सभ्य होते, चहा पाजला, शंकांना हसतमुखाने उत्तरे दिली. त्यांचे नाव विकासकाने सुचविले होते आणि करारनाम्याचा मसुदाही त्यांनीच केला होता, याचा अर्थ मला पुढे उमगला. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून देण्याचे अभिहस्तांतरण वर्षानुवर्षे झालेच नाही. १९६३ च्या मोफा कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला, तेव्हा कोठे आमची सुटका झाली. ज्या वकिलांच्या समोर मी बसलो होतो, ते माझ्या बाजूला बसलेले नव्हते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकास एवढी गोष्ट कळली नाही, तर इतरांचे काय?

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसणारे मध्यस्थ पाहा. तेही समोरासमोरच भेटतात. मुद्रांक, टंकलेखन, साक्षीदार आणि 'सर्च' असे सर्व एका रकमेत उरकून देतात. त्या शोधासाठी कोणी वही उघडली की नाही, हे गिऱ्हाईकाला कधीच कळत नाही.

सल्ला कोणाचा, आणि जबाबदार कोण?

तेव्हा पडदा की खोली, हा प्रश्न दुय्यम आहे. सल्ला देणारा कोणाच्या बाजूचा आहे आणि सल्ला चुकला तर उत्तर कोण देणार, हा मूळ प्रश्न आहे.

घरखरेदीच्या व्यवहारात वकिलांची वाण नसते. विकासकाचा वकील असतो. कर्ज देणाऱ्या बँकेच्या यादीवरचा वकीलही असतो. त्याचे शुल्क बहुधा आपणच भरतो, पण तो अहवाल बँकेला देतो आणि बँकेचे कर्ज सुरक्षित आहे काय, एवढेच पाहतो. घर घेणाऱ्याचा वकील मात्र बहुतेक वेळा नसतोच. बँकेने तपासले म्हणजे झाले, अशी तो आपली समजूत करून घेतो.

सल्ला चुकला तर दाद मागण्याची स्थितीही समाधानकारक नाही. वकिलांच्या सेवेतील उणिवेसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. उरतात ती वकील परिषदेकडील तक्रार आणि दिवाणी दावा. यापैकी काहीही करावयाचे झाले, तरी निदान अहवालाखाली एका वकिलाचे नाव, सनद क्रमांक आणि सही असली पाहिजे. ऑनलाईन सेवा विकणारी कंपनी वकील नसते, वकिली करण्याचा अधिकार तिला नाही. ती कोणाकडून तरी काम करून घेते. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई करण्याचे निर्देश वकील परिषदेला दिले, ते याच संभ्रमातून. आमच्या परिचरांच्या अहवालाखाली कंपनीचे बोधचिन्ह होते, माणसाचे नाव नव्हते. दहा वर्षांनी बहिणींनी दावा लावला असता, तर त्या बोधचिन्हाला साक्षीस कसे बोलावणार?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० चा निबंध परिचित आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे चांगली व वाईट गाडी एकाच भावाने जाते आणि हळूहळू चांगल्या गाड्या बाजारातून उठतात. कायदेशीर सल्ल्याच्या बाजारात हे दुखणे आणखी खोल आहे. वाईट मोटार महिन्याभरात रस्त्यात बंद पडते. वाईट सल्ला दहा-बारा वर्षांनी न्यायालयाच्या समन्सच्या रूपाने घरी येतो. तोपर्यंत अडीच हजारांचा अहवाल आणि पंधरा हजारांचा अहवाल दिसावयास सारखेच. मग माणसाने अडीच हजारांचाच का घेऊ नये? ज्या बाजारात गुणवत्ता ओळखताच येत नाही, तेथे निवड गिऱ्हाईकाच्या शहाणपणावर सोडून देणे ही एक प्रकारची क्रूरताच आहे.

या बाजाराला वर्गाचा रंगही आहे. ज्याला परवडते, तो आपला वकील जागेवर पाठवितो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवितो, जुन्या वह्या तपासून घेतो. ज्याची सारी आयुष्याची कमाई एका व्यवहारात पणाला लागली आहे, त्याच्या वाट्याला छापील अहवाल येतो. पाच घरे असणाऱ्याचे एक घर वादात गेले तर त्याची झोप उडते. परिचराचे घर गेले तर त्याचे छप्पर उडते. सर्वांत बारकाईचा सल्ला ज्याला हवा, त्यालाच सर्वांत उथळ सल्ला मिळावा, हा बाजाराचा न्याय आपण मुकाट्याने का मानावा?

राज्याचे काम

कागदाची भाषा न समजणारा माणूस आणि ती समजणारा त्याचा धनको, ही विषमता महाराष्ट्राला नवी नाही. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. सुप्याला सुरू झालेल्या त्या उठावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्या कायद्याने गावनिबंधक नेमले. शेतकऱ्याचा दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहावा, वाचून दाखवावा आणि मगच त्याच्या समक्ष सही व्हावी, अशी योजना होती. ते सरकार परकीय होते आणि उठाव पुन्हा होऊ नये हा त्याचा स्वार्थ होता. तरीही सही करणाऱ्याला मजकूर समजला पाहिजे आणि ते पाहण्याची जबाबदारी राज्याची आहे, एवढे तत्त्व त्याने मान्य केले.

आज आपला प्रवास उलट दिशेने चालला आहे. नव्या सदनिकांच्या प्रथम विक्रीचे करारनामे विकासकाच्या कार्यालयातूनच ऑनलाईन नोंदविण्याची सोय महाराष्ट्रात झालेली आहे. मे २०२५ मध्ये केंद्राच्या भूमिसंसाधन विभागाने १९०८ च्या कायद्याच्या जागी नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला. ऑनलाईन नोंदणी हा त्याचा गाभा आहे. रांगा, खेटे आणि चिरीमिरी यांतून सुटका होणार असेल तर तिचे स्वागतच आहे. परंतु निबंधकासमोर उभे राहून "मजकूर मान्य आहे" असे म्हणण्याचा तो एक क्षणही जर जाणार असेल, तर त्याच्या जागी काय येणार, हे विचारले पाहिजे.

काय यावे, हे सांगण्यासाठी नवा कायदा लागत नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने समान न्याय व मोफत विधी साहाय्य यांचे कलम ३९-अ राज्यघटनेत आले. त्यानुसार झालेल्या १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात 'विधी सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे याचा समावेश आहे. सल्ल्याचा हा हक्क न्यायालयात दावा लागल्यावरच सुरू होतो, असे नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता हा हक्क आहे. हा हक्क घर घेताना वापरता येतो, हे किती जणांना ठाऊक आहे? प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील ठराविक दिवशी बसावा. त्याने खरेदीपूर्वी कागद पाहावेत, विकणाऱ्यास प्रश्न विचारावेत आणि लेखी मत आपल्या नावानिशी द्यावे. मुद्रांक शुल्काच्या रूपाने राज्य सरकार प्रत्येक घरामागे लाखांनी रुपये घेते. त्यातील एक लहानसा अंश या कामी खर्च होण्यास हरकत नसावी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या टेली-लॉ योजनेतून गावच्या सेवा केंद्रातून दूरस्थ सल्ला मिळतो. तिचाही यात उपयोग व्हावा. पडदा कोणत्या बाजूस लावला आहे, यावर त्याचे मूल्य ठरते.

चुकीची जबाबदारी कायद्याने निश्चित करता येते, याचे उदाहरणही आपल्यापुढे आहे. स्थावर संपदा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे जमिनीच्या सदोष मालकीमुळे सदनिकाधारकाचे नुकसान झाल्यास विकासकाने भरपाई द्यावयाची आहे आणि त्या मागणीस मुदतीची बाधा येत नाही. जुन्या घरांच्या फेरविक्रीला असे कोणतेही कवच नाही, आणि गरीब माणूस बहुधा जुनेच घर घेतो.

हे सारे होईपर्यंत घर घेणाऱ्यांनी काय करावे? कागद ऑनलाईन अवश्य मिळवावेत आणि स्वतः वाचावेत. नव्या प्रकल्पात महारेरावरील माहिती पाहावी आणि नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. जुने घर, गावठाणातील मिळकत, वारसांची जमीन किंवा मुखत्यारपत्रावरची विक्री असेल, तर मात्र इसार देण्यापूर्वी आपल्या पैशाने, आपण निवडलेल्या वकिलासमोर बसावे आणि विकणाऱ्यालाही तेथे बसवावे. सल्ला पडद्यावरून घ्यावा लागलाच, तर अहवालावर वकिलाचे नाव, सनद क्रमांक, सही आणि कोणत्या वर्षांच्या वह्या प्रत्यक्ष पाहिल्या, याचा उल्लेख मागावा. तो मिळत नसेल तर अडीच हजार रुपये वाचवावेत.

आमच्या परिचरांच्या घरी मी दिवाळीला गेलो होतो. त्या दोघींपैकी धाकटी बहीण फराळाचा डबा घेऊन तेथे आली होती. वडिलांच्या घराचा उंबरा आपल्याला वीस वर्षांनी पुन्हा ओलांडता आला, असे ती म्हणाली. तिचे नाव त्या १४ पानांत कोठेही नव्हते.